खिळ्यावरचं पान

कुवाबारा इसाकु राहत होते त्या गल्लीत कुणाला काही देण्याची सोय नव्हती. दिलेलं परत यायचं. तीच वस्तू परत आली असती तर एक वेळ सुटका झाली असती, पण तेवढं नशीब कुठलं! तुम्ही दारच्या काकीच्या, म्हणजे जपानी टेंभुर्णीच्या, झाडाची चार पिकलेली फळं शेजारी नेऊन द्यावीत, की संध्याकाळच्या आत तुमच्या पायरीवर वांगी येऊन बसलेली. वांगी आली म्हणून तुम्ही मुळ्याचं लोणचं पोचवावं, तर तिकडून तोफू निघालेला. तोफूच्या मागोमाग मशरूम, मशरूमच्या मागोमाग चहापत्तीचा डबा. इसाकुसान आणि पलीकडच्या दारातल्या हारुयोसान यांच्यात अशी जी फेरी चालली होती ती कुणाच्या कुठल्या फळापासून सुरू झाली हे दोघांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. दोघांचीही लग्नं नवी होती तेव्हा कधीतरी, एवढाच अंदाज.

इसाकुसानना सत्त्याऐंशीवं लागलं होतं. उभं आयुष्य त्यांनी गावची बस चालवण्यात घालवलं. बसगाड्या बदलल्या, वर्दीचा रंग बदलला, रस्ता मात्र तोच राहिला: स्टेशनपासून डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत, आणि परत. बोलणं बसमधल्या सूचनांपुरतं. "निघतोय, सांभाळा." "वळण येतंय, दांडी धरा." गाडीला जरा वेळ झाला की टोपी काढून, "उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी." याच्यापलीकडे त्यांचा शब्दसंग्रह फारसा गेला नाही. त्यांची बायको नुई सगळ्यांना सांगायची, "लग्नाची मागणीसुद्धा यांनी अशीच घातली हो. फलाटावर उभे राहिले आणि म्हणाले, 'निघायचं का?' मी आपली बसले. अजून उतरलेली नाही."

उतरली ती त्या साथीच्या हिवाळ्यात. शेवटची काही वर्षं ती अंथरुणातच होती. त्या काळात हारुयोसानच्या घरून रोज सूप यायचं, आणि भांडं परत करायला जावं तर त्या दार उघडायच्या नाहीत, म्हणजे भांड्याबरोबर काही घ्यावं लागू नये. गल्लीचे अध्यक्ष तोकुजिरोसान दारासमोरचा बर्फ काढून जायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "छे, वारा होता." नुई गेली तेव्हा जमायला बंदी होती. अंत्यविधीला इसाकुसान आणि नागोयाहून आलेला मुलगा योशिआकि, दोघंच. आल्यागेल्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मान्जूही नव्हते.

हे मान्जू म्हणजे त्या गावात मयताहून परतणाऱ्या माणसाच्या हाती घालायची वाफवलेली मिठाई. पांढरीशुभ्र, लांबट, हाताचा पंजा भरेल एवढी मोठी. आत लाल अझुकीचं, म्हणजे तिकडच्या बारक्या लाल कडधान्याचं, रेशमासारखं वाटलेलं पुरण. वर तापल्या लोखंडाने उठवलेलं नेच्याचं तपकिरी पान. साऱ्या गल्लीत परत न येणारी हीच एक वस्तू. कारण ती मुळातच परतफेड. तुम्ही आलात, रडलात, खुर्च्या मांडल्यात, त्याबद्दल गेलेल्या माणसाकडून हे घ्या; संपलं. त्याचे उलट आभारदेखील मानायचे नसतात. मेलेल्या माणसाच्या पायरीवर वांगी नेऊन ठेवणार कोण?

नुईच्या नावाने ते द्यायचे राहिले. तेव्हापासून इसाकुसानच्या छातीत काहीतरी अडकून बसलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तिथे काही नाही. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे होते; त्यांना दिसणार नाही हे इसाकुसाननी समजून घेतलं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ते टोपी घालून मित्सुएच्या मिठाईच्या दुकानात जाऊन उभे राहिले. मित्सुएची साठी उलटली होती, पण इसाकुसानच्या लेखी ती अजून बसच्या पहिल्या बाकावर पाय हलवत बसणारी शाळकरी मिच्चानच.

"मिच्चान, मान्जू हवे होते. पानाचे."

मित्सुएच्या हातातला चिमटा थांबला. कोण गेलं, असं तिने विचारलं नाही. त्या गावात विचारत नाहीत. तिने चिमटा ठेवला, एप्रन सारखा केला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "केव्हासाठी?"

"तसं काही ठरलेलं नाही अजून."

मित्सुए गोंधळली. "कुणाच्या घरी पोचवायचे?"

"माझ्याच."

"योशिआकिसान बरे आहेत ना?"

"त्याला काय होतंय! पोट सुटलंय."

"मग?"

"माझेच आहेत गं. मी गेल्यावर वाटायचे ते. म्हटलं, आधीच वाटून टाकावेत."

मित्सुएने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "इसाकुसान, सकाळी काही खाल्लंत का?"

"खाल्लं की. भात, सूप, लोणचं."

"मग असं काय बोलता! माणूस जायच्या आधी मान्जू? गाडी यायच्या आधी तिकीट फाडत होता का तुम्ही?"

"फाडत होतो. आगाऊ तिकीट असतं."

"योशिआकिसान वाटतील ना वेळ आली की!"

"तो कॅटलॉग वाटेल," इसाकुसान म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हल्ली अंत्यविधीचे हॉलवाले आल्या माणसाला एक जाडजूड कॅटलॉग देतात, आणि ज्याने त्याने त्यातून हवं ते निवडायचं. "हारुयोसान तवा घेणार, मी आजच सांगतो. आणि रोज सकाळी माझ्या मरणावर अंडं तळणार."

मित्सुएला हसू आलं, पण ते तिने ओठांतच ठेवलं. तिची नजर खिडकीकडे गेली. खिडकीत, रस्त्यावरून दिसेल असा, एक खिळा होता आणि खिळ्यावर ते पानाचं लोखंड टांगलेलं होतं. लांब दांडा, टोकाला नेच्याचं पान. तिच्या आजोबांपासूनचं. ते खिळ्यावर असलं म्हणजे गावात सगळं ठीक, आणि खिळा मोकळा दिसला म्हणजे कुणीतरी गेलं. गावातला माणूस रस्त्याने जाताना घड्याळाकडे पाहावं तसा त्या खिळ्याकडे पाहायचा.

"माझ्या वडिलांची ताकीद होती," ती म्हणाली. "जिवंत माणसाच्या नावाने हे तापवायचं नाही."

इसाकुसान थोडा वेळ टोपीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "नुईच्या वेळचे द्यायचे राहिले ना."



"त्या दिवशी मी लोखंड काढलं होतं खाली," मित्सुए म्हणाली. "शेगडी पेटवून बसले होते. म्हटलं, बंदी असली तरी तुम्ही याल, निदान दोन न्याल. संध्याकाळी परत टांगलं. त्या खिळ्यावर ते रिकाम्या हाताने पहिल्यांदाच परत गेलं."

"म्हणून म्हणतो."

"मग फेब्रुवारीत करू. नुईसानचा दिवस असतो तेव्हा."

"फेब्रुवारी माझ्या हातात नाही. आणि श्राद्धाचं दिलेलं परत येतं गं! गेल्या वर्षी तिच्या दिवशी नुसती बिस्किटं वाटली, तर पंधरवडाभर भाजी विकत घ्यावी लागली नाही. मला एकदाच असं द्यायचंय की समोरच्याला काही परत करता येऊ नये. घ्या, खा, गप्प बसा. तसं देता येतं ते फक्त मेलेल्या माणसाला, आणि तेव्हा मी तिथे नसणार."

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे असं मित्सुएला वाटलं, पण ते तिला सापडेना. शेवटी ती म्हणाली, "पान नुईसानच्या नावाने उठवेन. तुमच्या नावाने नाही. तुम्ही फक्त खायचं."

"अर्धा," इसाकुसान म्हणाले. "डॉक्टरांनी अर्धाच सांगितलाय."

आता खरी अडचण पुढे होती. कॅटलॉग आल्यापासून मित्सुएकडे पानाच्या मान्जूंची मागणी कमी कमी होत गेली होती, आणि त्या पुरणाची चव तिच्या हातातून निसटली होती. सणाच्या मान्जूचं पुरण भरपूर गोड. मयताच्या मान्जूत साखर कमी आणि मीठ कणभर जास्त. तिचे वडील म्हणायचे, रडून आलेल्या माणसाला फार गोड सोसत नाही. पण कमी म्हणजे किती आणि कणभर म्हणजे केवढा कण, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं आणि बोटं त्यांच्याबरोबर गेली.

मग रोज दुपारी इसाकुसान चव घ्यायला येऊ लागले. खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे, मित्सुए हिरवा चहा आणि बिनपानाचा एक मान्जू पुढे ठेवायची. ते मान्जूचे दोन भाग करायचे, डावा खायचे, आणि उजव्याकडे बघत बसायचे. बघता बघता उजवाही जायचा. तो उद्याच्या हिशेबातला, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या दिवशीचा खाऊन ते म्हणाले, "हा लग्नाचा झाला."

मित्सुएने साखर उतरवली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता बारशावर आलीस."

त्यानंतरचा त्यांनी डोळे मिटून बराच वेळ चघळला. "कुणीतरी आजारी आहे," ते म्हणाले. "पण वाचेल."

"तुम्ही मला चिडवताय."

"खरंच वाचेल. मीठ घाल अजून."

चहा पिता पिता त्यांनी तिला सांगितलं, की त्यांनी हा मान्जू पहिल्यांदा खाल्ला तो आजीच्या मयताला, लढाई संपल्यानंतरच्या वर्षी. साखर डोळ्यांना दिसत नव्हती तेव्हा. मित्सुएच्या आजोबांनी ती कुठून पैदा केली देव जाणे, पण केली. नऊ वर्षांच्या इसाकुने तो मान्जू खाल्ला, बोटं चाटली, कागद चाटला. आणि पुढे कित्येक महिने गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची तो इतक्या आस्थेने चौकशी करत असे, की गुणी मुलगा म्हणून त्याचं नाव झालं.

मित्सुए पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिने मान्जू पुढे ठेवला तेव्हा मात्र दोघंही हसले नाहीत. इसाकुसाननी डावा भाग तोंडात घातला. चावायचे थांबले. खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काहीच नव्हतं, एक सायकल टेकवलेली होती.

मित्सुएने थोडा वेळ जाऊ दिला. मग जे त्या गावात कुणी विचारत नाही ते तिने हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"आजी," इसाकुसान म्हणाले.

चव सापडली होती.

ठरलेल्या दिवशी इसाकुसान पहाटेच उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. मान्जू होताना आपण तिथे असलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या उत्साहात पुढच्या बाजूच्या लाकडी झडपा उघडायच्या राहिल्या. बस सुटली नाही, अशी घटना त्यांच्या नोकरीत कधी घडली नव्हती. सकाळी सहाला झडपा उघडल्या नाहीत, ही त्या तोडीची घटना होती.

दुकानात मित्सुएने लोखंड खिळ्यावरून काढलं, निखाऱ्यावर धरलं, आणि पहिल्या मान्जूवर टेकवलं. चर्र झालं. भाजल्याचा गोडसर वास उठला. इसाकुसाननी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत वाफ एवढी दाटली होती की खिडकीच्या काचेतून बाहेरच्याला काही दिसत नव्हतं. म्हणजे, काचेला चिकटून असलेला तो मोकळा खिळा तेवढा दिसत होता.

तो पाहिला हारुयोसाननी. तोफू आणायला निघाल्या होत्या. त्या थबकल्या, पातेलं छातीशी धरलं, आणि उलट पावली गल्लीत आल्या. इसाकुसानच्या घराकडे पाहतात तो झडपा बंद. पेपर डब्यातून अर्धा बाहेर. त्यांनी पुढे होऊन पेपर सरळ केला, जरा मान लववली, आणि घरी जाऊन तोकुजिरोसानना फोन लावला.

"तोकुजिरोसान, आज गारठा आहे."

"आहे खरा."

"मित्सुएकडचा खिळा मोकळा आहे."

"इसाकुसानच्या झडपा?"

"बंद."

"पेपर?"

"डब्यातच."

"अरेरेरे. पण म्हणून काही लगेच..."

"परवा मी त्यांना वांगी दिली होती," हारुयोसान म्हणाल्या.

"मग? काही आलं का परत?"

"नाही ना!"

"काहीच नाही?"

"एक मुळासुद्धा नाही."

"मग झालंच म्हणायचं," तोकुजिरोसान म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून काळा सूट काढला.

आता कुणी म्हणेल, सरळ जाऊन दार वाजवायचं. ते कुणाला सुचलं नाही असं नाही. पण मुलगा नागोयाहून आला असेल, दमून जरा पडला असेल, त्याला दारात कशाला उभं करा, असा विचार प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला. खबर रीतसर येईल तेव्हा येईल. आपण तयारीत असावं. तोकुजिरोसाननी तेवढा योशिआकिला एक फोन केला, तोही अगदी आडवळणाने.

"योशिआकिकुन, गाडी किती वाजताची आहे?"

"कुठली गाडी?" योशिआकि ऑफिसात होता.

"नाही, नाही, सावकाश या. घाई करू नका. इकडचं आम्ही बघतो."

"काय बघता?"

"सगळंच. जेवणाचंसुद्धा."

"थँक्यू," असं सवयीने म्हणून योशिआकिने फोन ठेवला, आणि मग तो बराच वेळ फोनकडे बघत बसला.

इकडे इसाकुसान मान्जूंचे डबे नुईच्या जुन्या ढकलगाडीत रचून गल्लीच्या तोंडाशी आले. नुई या गाडीला धरून चालायची, थकली की तिच्यावरच बसायची. डबे अजून कोमट होते. दारोदार कसं जायचं, आधी हारुयोसानकडे की आधी तोकुजिरोसानकडे, काय बोलायचं, हे सगळं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. वळणावर आले आणि कुंपणाच्या झुडपाआडच थांबले.

त्यांच्या दारात अख्खी गल्ली काळ्या कपड्यांत उभी होती. हारुयोसाननी काळ्या किमोनोवर पांढरा एप्रन बांधला होता आणि त्यांच्या हातात भाताच्या मुटक्यांचं तबक होतं. प्रत्येकाच्या बाहीत किंवा खिशात, मयताच्या घरी द्यायच्या पैशांचं, काळ्यापांढऱ्या दोऱ्याचं पाकीट. तोकुजिरोसान लाल दिव्याची काठी हलवून, गल्लीत नसलेल्या मोटारींना कुठे उभं राहायचं ते दाखवत होते, आणि मधल्या वेळात दोन शब्द बोलण्याचा सराव करत होते.

"कै. इसाकुसान हे स्वभावाने अत्यंत शांत..."

"शांत?" हारुयोसान म्हणाल्या. "घुमे होते, घुमे!"

"मयताला घुमा म्हणू का?"

"मग 'मितभाषी' म्हणा. पण पुढे हेही सांगा, की माझी दोन्ही बाळंतपणं यांच्या बसने झाली."

"बसमध्ये?"

"बसने हो! दवाखान्यात नेताना. रस्ता तोच, खड्डे तेच, पण दोन्ही वेळी गाडी अशी नेली की पातेल्यातलं पाणी हललं नसतं. उतरताना म्हणाले, 'सांभाळा.' एवढंच. मी रडले होते तेव्हा."

"हे मी कसं सांगू?"

"नका सांगू. मी सांगेन." आणि त्या एप्रनने डोळे पुसू लागल्या.

झुडपाआड इसाकुसानची मोठी पंचाईत झाली. बाहेर जावं, तर इतक्या मंडळींची पहाटेपासूनची मेहनत वाया जाणार. लोकांनी कपाटांतून किमोनो काढले, भात रांधला, आणि आपण जिवंत निघायचं, हे काही बरं दिसत नाही. मागच्या मागे निघून जावं असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण डबे गार होत होते. शिवाय गुडघे.

शेवटी त्यांनी टोपी सारखी केली, ढकलगाडी पुढे घातली, आणि कुंपणाला वळसा घालून सगळ्यांसमोर येऊन उभे राहिले. ठरवून आणलेलं एकही वाक्य आठवेना. तोंडातून आलं ते बसचंच.

"उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी."

हारुयोसानच्या हातातलं तबक कललं आणि एक मुटका घरंगळत तोकुजिरोसानच्या बुटापाशी जाऊन थांबला. कुणीतरी किंचाळलं. बाकीच्या सगळ्यांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, कमरेत वाकून नमस्कार केला. इसाकुसाननीही केला. नेमका तेव्हाच तोकुजिरोसानचा फोन वाजला. त्यांनी तो ऐकला आणि इसाकुसानच्या हातात दिला.

"बाबा?" योशिआकिच होता. "तुम्ही आहात ना?"

"आहे."

"मग तिकडे चाललंय काय?"

"माझंच."

"काय?"

"मान्जू गार होताहेत रे. नंतर बोलू. पोट कमी कर."

फोन परत गेला तेव्हा हारुयोसान सावरल्या होत्या, आणि सावरलेल्या हारुयोसान म्हणजे काय, हे गल्लीला ठाऊक होतं. "चार माणसांना पहाटे उठवून वर म्हणता उशीर झाला! झडपा का नाही उघडल्या? खिळा का मोकळा आहे? माझी वांगी कुठे आहेत?"

"सांगतो. आत या आधी."

झडपा उघडल्या गेल्या. काळ्या कपड्यांतली गल्ली आत येऊन चटयांवर बसली. इसाकुसाननी पहिला मान्जू देव्हाऱ्यात नुईच्या फोटोपुढे ठेवला, घंटी वाजवली, आणि मग डबे उघडून आपल्या हातांनी एकेकाला द्यायला सुरुवात केली. पान पाहून लोक घ्यायला कचरू लागले.

"नुईचे आहेत," ते म्हणाले. "राहिले होते."

मग कुणी हात मागे घेतला नाही.

बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसे ते थांबत थांबत बोलले. "त्या दिवशी शवगाडी निघाली तेव्हा बर्फ पडत होता. गाडीवाल्याने रीतीप्रमाणे लांब भोंगा दिला. तुम्हाला यायला बंदी होती. तुम्ही आपापल्या दारात उभे होता, मास्क लावून, लांब लांब. काच धुक्याने भरलेली. मला वाकून नमस्कारही करता आला नाही. पण मी पुढे बसलो होतो, चालकाशेजारी. बाजूच्या आरशात दिसत होतात तुम्ही सगळे. वळणापर्यंत दिसलात. कुणी आत गेलं नाही." ते थांबले. "ते सूप. तो बर्फ. वारा नव्हता तो. मला माहीत आहे."

तोकुजिरोसान लाल काठीचं बटण उगाच चालू-बंद करू लागले.

"आता हे असं आहे, की हे परत करायचं नाही. मयताचं आहे. घ्या, खा, गप्प बसा."

सगळ्यांनी खाल्लं, आणि खरोखरच गप्प बसून खाल्लं. पातळ साल दाताखाली सुटत होती, आतलं पुरण जिभेवर पसरत होतं, आणि सगळ्यात शेवटी मिठाची ती कणी येत होती. कुणाला आई आठवली, कुणाला नवरा. तोकुजिरोसानना त्यांचा कुत्रा आठवला, पण ते त्यांनी सांगितलं नाही. इसाकुसाननी आपल्या मान्जूचे दोन भाग केले आणि डावा खाल्ला. उजव्याकडे पाहिलं. मग तो उचलून नुईच्या ताटलीत ठेवला. छातीत चाचपून पाहिलं. अडकलेलं तिथे नव्हतं.

"मीठ जास्त झालंय," हारुयोसान शेवटी म्हणाल्या. त्यांच्या ताटलीत कणही उरला नव्हता.

"बरोबर तेवढंच आहे," इसाकुसान म्हणाले.

जाताना सगळे आपापली पाकिटं घेऊन घुटमळू लागले. द्यावीत तर माणूस जिवंत, न द्यावीत तर नाव घालून आणलेली. हारुयोसाननी आपलं पाकीट एप्रनच्या आत सारलं. "राहू दे. मी जपून ठेवते. फुकट जाणार नाही." दारात त्या वळल्या. "आणि हो, इसाकुसान. मेलेल्या माणसाचं परत करायचं नसतं, हे खरं."

"हो."

"पण तुम्ही कुठे मेलात?"

युक्तिवादातलं भोक हेच होतं. मित्सुएला सापडलं नव्हतं, हारुयोसानना चालता चालता सापडलं.

दुसऱ्या दिवशी सहाला इसाकुसाननी झडपा उघडल्या, तर पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तोफू होता. मुळ्याचं लोणचं होतं. मशरूमची टोपली होती. एका डब्यात लाल भात होता, तो तर शुभकार्याचा; कुणीतरी तेवढ्यात टोमणा मारून घेतला होता. तोकुजिरोसानकडून बर्फ काढायचं नवंकोरं फावडं आलं होतं. आणि सगळ्यांच्या मधोमध, चकचकीत, जांभळी, देठासकट, वांगी.

इसाकुसान ते सगळं बघत बराच वेळ दारात उभे राहिले. आयुष्यात एकदा सरळ जाऊ दिलेली बस वळसा घालून पुन्हा त्यांच्याच दारात येऊन थांबली होती. त्यांनी टोपी काढली आणि त्या वांग्यांना, तोफूला, फावड्याला, कुणी बघत नाही असं पाहून, नीट वाकून नमस्कार केला. पडद्याआडून हारुयोसान बघत होत्याच.

दुपारी ते मित्सुएकडे गेले. तिने लोखंड घासूनपुसून ठेवलं होतं. "थांबलेय तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुमच्या समोर टांगावं म्हटलं." तिने ते खिळ्यावर अडकवलं. रस्त्यावरून जाणारी एक बाई आत डोकावली, खिळा पाहिला, इसाकुसानना पाहिलं, आणि सुटकेचा श्वास टाकून पुढे गेली.

मित्सुएने चहा पुढे ठेवला. "मग इसाकुसान, पुन्हा केव्हा लागणार हे? तेवढं आधी सांगा. गावाला काळे कपडे कपाटातून काढायला वेळ मिळू दे."

इसाकुसाननी मनातल्या मनात पायरीवरून नजर फिरवली. तोफूला काकीची फळं, लोणच्याला कोवळा कोबी, लाल भाताला काय द्यावं हेच कळेना, आणि फावड्याची फेड तर बर्फ पडल्याशिवाय होणं शक्य नव्हतं.

"इतक्यात जमणार नाही गं," ते म्हणाले. "वांगी आलीत."